चुंबकीय ध्रुव सरकतो म्हणून हवामान बदलतं का? ४२ हजार वर्षांपूर्वीचं प्रकरण

शंकेखोर

मंडळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडातून सायबेरियाकडे पळत सुटलाय, ४२ हजार वर्षांपूर्वी ध्रुव असेच उलटे झाले तेव्हा हवामान कोलमडलं, निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली भावकी) संपले, मोठमोठे प्राणी संपले, आणि आत्ताची उष्णता पण त्याचीच सुरुवात आहे, कार्बन बिर्बन सगळं थोतांड, असा एकूण सूर. नेहमीसारखं 'फेकाफेकी' म्हणून सोडून देणार होतो पण शोधायला गेलो तर निम्म्या गोष्टी खऱ्या निघाल्या, आणि तिथेच पंचाईत झाली.

ध्रुव सरकतोय हे खरं. जेम्स क्लार्क रॉसने १८३१ साली कॅनडाच्या बूथिया द्वीपकल्पावर तो पहिल्यांदा गाठला, १९०४ ला अमुंडसेन तिथे गेला तेव्हा तो जागेवरून हललेला होता. विसाव्या शतकात बराच काळ वर्षाला १०-१५ किमी असा रमतगमत चालला होता, १९९० नंतर एकदम वर्षाला ५०-६० किमी. २०१९ च्या फेब्रुवारीत जहाजं, विमानं वापरतात ते जागतिक चुंबकीय मॉडेल पाच वर्षांची मुदत संपायच्या आधीच अपडेट करावं लागलं. आता वेग कमी होऊन ३५ च्या आसपास आलाय म्हणे.

४२ हजार वर्षांपूर्वीचं पण खरं. फ्रान्समधे लाशां नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या लाव्हात (लाव्हा थंड होताना त्यावेळच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवतो) १९६० च्या दशकात उलटं चुंबकत्व सापडलं म्हणून त्या घटनेला लाशां म्हणतात. मग २०२१ साली 'सायन्स'मधे अ‍ॅलन कूपर, ख्रिस टर्नी वगैरे लोकांचा पेपर आला, न्यूझीलंडमधे दलदलीत गाडलेली कौरीची (तिथला एक महाकाय वृक्ष) झाडं मिळाली, त्यांच्या वर्तुळांमधला कार्बन-१४ (क्षेत्र दुबळं असलं की हवेत जास्त बनतो) मोजला, चुंबकीय क्षेत्र आजच्या ० ते ६ टक्क्यांवर आलं होतं आणि त्याने ओझोन कमी होऊन जगभर हवामान बदललं असा त्यांचा दावा. म्हणजे व्हिडिओवाल्याने हवेतून काढलेलं नाही.

तर प्रश्न असा की चुंबकीय ध्रुवाचा आणि पूर्वीच्या हवामान बदलांचा खरंच संबंध आहे का? इथे भूगर्भवाले आहेत त्यांनी जरा उजेड पाडा.

चहाबाज

चहा ठेवलाय, या लवकर. हा धागा वाचनखुणांत साठवला.

माझा एक बाळबोध प्रश्न, हवेत लोखंड नाही, मग चुंबकाने हवा हलणार कशी?

दगडफोड्या

चहाबाज, बाळबोध नाही, मुद्द्याचाच प्रश्न आहे. हवा थेट हलत नाही. चुंबकीय क्षेत्राची वाऱ्यावर, पावसावर, समुद्राच्या प्रवाहांवर सरळ पकड नाही. संबंध असलाच तर आडमार्गाने, क्षेत्र दुबळं झालं की वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) जास्त आत येतात, त्यांनी वरच्या वातावरणात रासायनिक बदल होतात, ओझोन थोडा घटतो, कोणी म्हणतं ढग वाढतात. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते आणि व्हिडिओवाले नेमकं तेच करत नाहीत.

आधी एक घोळ निस्तरू. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचा ध्रुव वेगळा आणि होकायंत्र दाखवतं तो वेगळा. हिमयुगं येतात जातात ती अक्षाचा कल आणि सूर्याभोवतीच्या कक्षेचा आकार हजारो वर्षांत बदलतो त्यामुळे, मिलान्कोविच नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं ते. चुंबकीय ध्रुव गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांमुळे सरकतो, तो सरकला म्हणून अक्ष सरकत नाही. 'पृथ्वी आडवी झाली आणि ध्रुव विषुववृत्तावर आला' असं सांगणारे या दोन ध्रुवांची सरमिसळ करतात, काही मुद्दाम करतात.

आणि आत्ताची पळापळ म्हणाल तर कॅनडाखाली आणि सायबेरियाखाली, गाभ्याच्या वरच्या सीमेवर, तीव्र क्षेत्राचे दोन पट्टे आहेत. कॅनडाकडचा दुबळा पडला म्हणून ध्रुव सायबेरियाकडे ओढला गेला. लिव्हरमोर आणि मंडळींचा २०२० चा पेपर आहे यावर. हे घडतं जमिनीखाली २९०० किमीवर, तिथून वर हवामान बदलायला काही रस्ता नाही.

सातासमुद्रापार

ऑकलंडहून. ते झाड इथल्या नॉर्थलंडमधलं, न्गाव्हा इथे जमिनीतल्या वाफेवर चालणाऱ्या वीज केंद्राचं विस्ताराचं काम चालू असताना २०१९ मधे खोदकामात निघालं. जिवंत कौरी बघितलाय का कोणी? बुंध्याला मिठी मारायला पाच सहा जण लागतात. हा ४० हजार वर्षांहून जुना आणि तरी लाकूड शाबूत, कारण दलदलीत हवा नाही, सडायला वावच नाही. झाड उलटापालटीच्या आधीपासून ते उलटापालट चालू होईपर्यंत जगलं त्यामुळे वर्षागणिक नोंद मिळाली, असं भाग्य गाळात नाही. अभ्यासाला तुकडे काढून घेतले आणि खोड तिथल्या माओरी लोकांकडे, न्गाव्हा मराएकडे (त्यांचं सभास्थान) दिलं.

इथल्या पेपरमधे तेव्हा नुसता गाजावाजा. त्या काळाला त्यांनी लेखक डग्लस अ‍ॅडम्सच्या नावावरून 'अ‍ॅडम्स इव्हेंट' म्हटलं, कारण त्याच्या कादंबरीत विश्वाच्या प्रश्नाचं उत्तर ४२ असतं. विनोद चांगला आहे, पण नाव चटकदार असलं की बातमी जास्त पळते एवढं मात्र कळलं.

वैश्विक

दगडफोड्या, तुम्ही जरा घाईने दार लावताय असं वाटतं. मी व्हिडिओवाल्यांच्या बाजूचा नाही पण वैश्विक किरणांवर काम करणारे सगळेच काही भोंदू नाहीत.

एक, डेन्मार्कचा स्वेन्समार्क १९९७ पासून सांगतोय की वैश्विक किरण वाढले की ढग वाढतात. दोन, जपानमधे कोबे विद्यापीठातल्या ह्योदो यांच्या गटाने २०१९ मधे चीनच्या लोएस (वाऱ्याने आणून साठवलेली धूळमाती) पठारावरच्या धुळीच्या थरांचा अभ्यास छापला, सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची जी शेवटची पूर्ण उलटापालट, मातुयामा-ब्रून्स, त्यावेळी वैश्विक किरण निम्म्याहून जास्त वाढले आणि त्याच सुमारास पूर्व आशियातला हिवाळी मोसमी वारा जोरात वाहत होता, सुमारे पाच हजार वर्षं. ढगांची छत्री येऊन सायबेरिया थंड झाला आणि वारा वाढला असं त्यांचं म्हणणं. तीन, क्नुड्सन आणि रीसागर, २००९, चीन आणि ओमानमधल्या गुहांतल्या चुन्याच्या स्तंभांवरून काढलेला गेल्या पाच हजार वर्षांचा पाऊस आणि चुंबकीय क्षेत्राची ताकद यात त्यांना मेळ दिसला. ओमानचा पाऊस म्हणजे आपलाच नैऋत्य मोसमी पाऊस ना शेवटी? मग हे सगळं योगायोग म्हणून सोडून द्यायचं का?

दगडफोड्या

वैश्विक, तुम्ही दिलेले तिन्ही संदर्भ खरे आहेत आणि वाचण्यासारखे आहेत. सोडून द्या असं मी म्हणत नाही, पण एक नोंद एका घटनेशी जुळली यावर किती वजन टाकायचं ते बघा. एप्रिल-मेमधे आंबे येतात आणि शाळांना सुट्टी पण लागते, सुट्टीमुळे आंबे पिकत नाहीत. त्यामुळे मी विचारतो की क्षेत्र दुबळं झालं तेव्हा दर वेळी हवामान हललं का, आणि हवामान हललं तेव्हा दर वेळी क्षेत्र दुबळं होतं का.

याची सगळ्यात स्वच्छ परीक्षा लाशांच देते. तेव्हा वैश्विक किरण वाढले याचा पुरावा ग्रीनलंडच्या बर्फात बेरिलियम-१० आणि क्लोरिन-३६ (हे किरण हवेवर आदळून बनणारे अणू) च्या रूपात पडलाय, ठसठशीत शिखर आहे. त्याच बर्फात ऑक्सिजनच्या समस्थानिकांमधून (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू) तापमान पण मिळतं, मिथेन पण मिळतो. म्हणजे वैश्विक किरण आणि हवामान एकाच नळकांड्यात, तारीख जुळवायची भानगडच नाही. स्वित्झर्लंडच्या बेअर यांच्या गटाने २००१ मधे हे शेजारी ठेवून बघितलं, किरणांच्या शिखराबरोबर तापमान किंवा मिथेन काही वेगळं वागलेलं दिसलं नाही. ग्रीनलंड तेव्हा थंड-गरम, थंड-गरम असा हेलकावत होताच, पण असे हेलकावे त्या शेवटच्या हिमयुगात वीसहून जास्त वेळा आले, लाशांच्या आधीही आणि नंतरही, क्षेत्र धडधाकट असताना पण.

काळ्या समुद्राचा गाळ तर मला फार आवडतो. पोट्सडामच्या नोवाचिक आणि सहकाऱ्यांनी २०१२ ला छापलं. एकाच गाळात तीन गोष्टी सापडल्या, क्षेत्र उलटल्याची नोंद (पूर्ण उलटं राहिलं जेमतेम ४४० वर्षं, बदलायला अडीचशे वर्षं लागली), त्या हिमयुगातले झपाट्याचे हवामान बदल, आणि इटलीतल्या नेपल्सजवळच्या महाज्वालामुखीची साधारण ३९ हजार वर्षांपूर्वीची राख. आता सांगा, त्या काळात युरोपात काही बिघडलं तर दोष कोणाला द्यायचा? तीन संशयित एकाच खोलीत. निअँडरथलांच्या बाबतीत चौथा पण आहे, आपले पूर्वज, तेव्हाच तिथे येऊन बसले होते.

कूपर यांच्या पेपरवर 'सायन्स'मधेच लगेच आक्षेप छापून आले. गुहाचित्रं तेव्हा सुरू झाली, लोक उन्हापासून लपायला गुहेत शिरले असं सुचवलं होतं त्यांनी, पण इंडोनेशियात सुलावेसीला कमीत कमी ४५,५०० वर्षं जुनं डुकराचं चित्र त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालं होतं. झाडाची मोजणी मात्र उत्तम आहे, कार्बन-१४ चं काम पुढची अनेक वर्षं वापरलं जाईल. गडबड आहे ती झाडापासून थेट निअँडरथलपर्यंत मारलेल्या उडीत.

चहाबाज

मग ढगांचं काय? ते प्रयोग करून बघता येईल ना?

वैश्विक

बघितलंय. जिनिव्हाला सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत 'क्लाउड' नावाचा प्रयोग चालू आहे, जॅस्पर कर्कबी यांनी उभा केला, स्टीलच्या मोठ्या टाकीत हवा भरून त्यात कणांचा झोत सोडतात. किरणांमुळे बारीक कण जास्त बनतात हे निघालं, पण २०१६ च्या पेपरात त्यांनीच लिहिलं की आजच्या वातावरणात वैश्विक किरणांच्या चढउताराने या मार्गाने हवामानावर लक्षात येण्यासारखा परिणाम होत नाही. 'आजच्या' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, तेव्हाची हवा वेगळी होती, धूर नव्हता, कारखान्यांचं सल्फर नव्हतं. तिथे अजून जागा आहे. ह्योदोंचा निकाल मी त्या जागेत ठेवतो, एवढंच.

दगडफोड्या

हे मान्य. आत्ताच्या तापमानवाढीला तो लागू नाही आणि पूर्वीचा प्रश्न थोडा उघडा आहे, इतपत आपलं जमलं.

पण लोएसबद्दल एक भर घालतो कारण इथे फसायला होतं. त्या धुळीच्या थरांचं चुंबकत्व स्वतःच हवामानावर ठरतं. पाऊस जास्त झाला की मातीत बारीक चुंबकीय खनिजं तयार होतात, कोरड्या काळात होत नाहीत, त्यावरून तर चीनमधल्या मोसमी पावसाचा २५ लाख वर्षांचा इतिहास काढलाय. समुद्राच्या गाळात पण तेच. १९७० च्या दशकात वोलिन आणि सहकाऱ्यांनी गाळ मोजून जाहीर केलं की क्षेत्राची ताकद आणि हवामान हातात हात घालून चालतात. १९८२ ला डेनिस केंट यांनी दाखवलं की हवामान बदलल्यामुळे गाळातलं चुन्याचं प्रमाण बदलत होतं, म्हणून चुंबकत्वाचा आकडा वरखाली होत होता. क्षेत्र बिचारं जागेवरच. नंतर लोकांनी दुरुस्त्या काढल्या, पण अजूनही 'क्षेत्रात एक लाख वर्षांचं चक्र दिसतं, म्हणजे कक्षेशी संबंध' असं कोणी म्हटलं की मी आधी गाळ कसला होता ते विचारतो.

शंकेखोर

हे भारी आहे. म्हणजे ज्याने मोजायचं तेच हवामानाने बिघडवलेलं.

पण मग फार जुन्या काळाचं काय? कोटी कोटी वर्षांचं? तिथे उलटापालटी शेकडो झाल्यात ना.

दगडफोड्या

गेल्या ८.३ कोटी वर्षांत १८३. आता गंमत बघा, असे दोन मोठे काळ आहेत जेव्हा ध्रुव उलटलेच नाहीत किंवा जवळपास नाहीत. एक क्रेटेशसमधला (डायनासोरांचा शेवटचा कालखंड), साधारण १२.१ ते ८.३ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा जग गरम, ध्रुवांवर जंगलं. दुसरा कियामन, साधारण ३१ ते २६ कोटी वर्षांपूर्वी, क्षेत्र जवळजवळ ५ कोटी वर्षं उलटंच राहिलं. त्याच्या पहिल्या भागात गोंडवनावर (दक्षिणेकडचा जुना महाखंड) प्रचंड हिमयुग, आपला भारतही त्याखाली. म्हणजे चुंबकाची वागणूक एकच, शांत, आणि हवामान एकदा भट्टी एकदा बर्फ. उलटापालटीवर हवामान चालत असतं तर असं दिसायला नको होतं.

आणि याचा पुरावा आपल्याकडे विदर्भात आहे बरं का. चंद्रपूरजवळ इरईला चुनखडकावर हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत, एकोणिसाव्या शतकात फेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने नोंदवलेले. मे महिन्यातल्या चंद्रपुरात उभं राहून हिमनदी डोळ्यासमोर आणायची म्हणजे मोठी कसरत आहे. त्यावरच्या थरांमधे पुढे दगडी कोळसा साठला, जो आज आपण जाळतोय.

सह्यभटक्या

चंद्रपूर झालं, आमच्या सह्याद्रीचं पण सांगा. कुठेतरी वाचलं होतं की आपल्या घाटातले दगड उलटे चुंबकले आहेत. आणि दख्खनचे लाव्हा म्हणजे डायनासोर गेले तोच काळ, मग तिथे तरी ध्रुव उलटणं आणि हवामान दोन्ही एकत्र आलं ना?

दगडफोड्या

सह्यभटक्या, बरोबर वाचलंय. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात की खालचे बहुतेक थर उलट्या काळातले आणि अगदी माथ्याकडचे सरळ काळातले, चढता चढता आपण एक उलटापालट ओलांडतो. पुढच्या वेळी मित्रांना सांगून भाव खा.

आता कारण कोण ते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हवामान बिघडलं ते लाव्हाबरोबर आलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि सल्फरच्या वायूंनी, आणि मेक्सिकोत चिक्शुलुबला आदळलेल्या अशनीने. कोणाचा वाटा किती यावर भांडणं चालू आहेत. पण ध्रुव परत सरळ झाले ते डायनासोर संपल्यानंतर काही लाख वर्षांनी. म्हणजे तो संशयित त्या दिवशी गावातच नव्हता.

उपयोग मात्र झाला, आणि या सगळ्या विषयात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिन्सां कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी १९८६ च्या सुमारास घाटातले थर मोजले, बहुतेक सगळा लाव्हा एकाच उलट्या कालखंडात बसतो असं दिसलं, त्यावरून एवढे डोंगर दहा लाख वर्षांच्या आत ओतले गेले असतील असा अंदाज निघाला. त्याआधी कोट्यवधी वर्षं धरत होते. इतक्या कमी वेळात इतके वायू, म्हणून दख्खनचा लाव्हा हवामानाच्या चर्चेत आला. उलटापालटीने हवामान बदललं नाही, पण हवामान केव्हा बदललं ते सांगितलं.

हिमयुगांचंही तसंच. १९७३ मधे शॅकल्टन आणि ओपडाइक यांनी प्रशांत महासागरातून काढलेल्या गाळात, नंबर व्ही-२८-२३८, बारा मीटर खोलीवर मातुयामा-ब्रून्सची खूण पकडली, तिचं वय तेव्हा ७ लाख धरत, त्यावरून वरच्या सगळ्या हिमयुगांना तारखा लागल्या. पुढे १९९० मधे शॅकल्टन यांनीच कक्षेच्या गणितावरून म्हटलं की तारीख ७ लाख ८० हजार असायला हवी, आणि मग लाव्हाच्या आर्गॉन मोजणीने (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायची पद्धत) ते बरोबर ठरवलं. हवामानाने चुंबकाची तारीख सुधारली!

जाता जाता, हेच कूर्तियो २००७ मधे 'चुंबकीय क्षेत्र आणि हवामान यांचा संबंध आहे का' असा लेख लिहून बसले, युरोपातल्या जुन्या भट्ट्यांच्या विटांवरून क्षेत्राचे झटके आणि थंडीचे काळ जुळतात म्हणून. बार्द आणि दलाग यांनी पुढच्या वर्षी त्याची चांगलीच चिरफाड केली. मोठ्या माणसालाही हा मोह सुटत नाही.

सातासमुद्रापार

आपल्याकडे मोजणीची परंपरा पण मोठी आहे, ते कोणी लिहिलं नाही. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी आहेत. १८५९ चं सौर वादळ तिथल्या कागदांवर आहे, जगातल्या मोजक्या चांगल्या नोंदींपैकी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ ला अलिबागला हलवली, दोन वर्षं दोन्हीकडे मोजलं म्हणजे साखळी तुटू नये. तिथले संचालक नानाभाई मूस यांच्या काळात. आता ते नवीन पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. पावणेदोनशे वर्षांच्या वर सलग नोंद, जगात फार कमी ठिकाणी आहे.

शंकेखोर

ग्रुपवर आता काय लिहू? एका ओळीत सांगा, तिथे दोन ओळी कोणी वाचत नाही.

चहाबाज

लिहा, 'ध्रुव २९०० किमी खालच्या लोखंडामुळे सरकतो, उन्हाळा वरच्या धुरामुळे वाढतो.' आणि म्यूट करा.

वैश्विक

हाहा. पण एक उलटी बाजू राहिली, हवामान आणि पाण्याचा फिरण्याच्या अक्षावर परिणाम होतो, तो मात्र मोजलेला आहे. २०२३ मधे कोरियाच्या सेओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, १९९३ ते २०१० मधे माणसाने जमिनीतून सुमारे २,१५० अब्ज टन पाणी उपसलं, ते शेवटी समुद्रात गेलं, वजन इकडचं तिकडे झालं आणि ध्रुव साधारण ८० सेंटीमीटर पूर्वेकडे सरकला. उपसा जास्त कुठला, तर पश्चिम अमेरिका आणि वायव्य भारत.

सह्यभटक्या

म्हणजे पंजाबच्या बोअरवेलने पृथ्वी कलली! हा पुढचा व्हिडिओ येणार बघा.

दगडफोड्या

येईल, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. अक्षाचा ध्रुव ऋतूंप्रमाणे एरवीही वर्षाकाठी काही मीटर डुलत असतो, त्यात हे ८० सेंटीमीटर. पाऊस, थंडी, ऋतू यांवर शून्य परिणाम. आणि हा फिरण्याचा ध्रुव आहे, होकायंत्राचा नाही, व्हिडिओत दोन्ही एकच करून दाखवतील.